प्रश्न, उत्तर आणि त्यांची नोंद : शेल-स्क्रिप्टच्या लॉगची चिकित्सा

१

एखाद्या कामाचा वृत्तान्त आणि दोन पक्षांत झालेल्या संभाषणाचा वृत्तान्त हे दोन भिन्न लेखनप्रकार होत. पहिल्यात घटना क्रमाने मांडल्या की काम भागते. दुसऱ्यात कोण काय बोलले आणि कशाला उद्देशून बोलले, हे दोन्ही आल्यावाचून अर्थ पुरा होत नाही. युनिक्स-कुलातील संगणकप्रणालींवर चालणाऱ्या शेल-स्क्रिप्टचा लॉग हा बहुधा पहिल्या प्रकारचा लेख समजून तयार केला जातो. परंतु ज्या स्क्रिप्टमध्ये प्रॉम्प्ट आहे, म्हणजे मध्येच थांबून माणसाला प्रश्न विचारण्याची योजना आहे, तिचा लॉग वस्तुतः दुसऱ्या प्रकारात मोडतो. हा प्रकारभेद न ओळखल्यामुळे असे लॉग कसे अपुरे राहतात, आणि प्रश्नोत्तरांची भाषा मराठी असेल तेव्हा त्या अपुरेपणात कोणती भर पडते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

आरंभी संज्ञा स्पष्ट करणे इष्ट होईल. शेल म्हणजे वापरणाऱ्याने टंकलेली कमांड वाचून ती प्रणालीकडून पार पाडून घेणारा मध्यस्थ. अशा अनेक कमांडी एका फाईलीत ओळीने लिहून ठेवल्या म्हणजे स्क्रिप्ट होते. स्क्रिप्ट चालत असताना काय घडले याची जी नोंद फाईलीत साठविली जाते तिला लॉग म्हणतात.

उदाहरणादाखल दोडामार्ग येथील एका कार्यालयाची कल्पना करावी. दर शनिवारी तेथील एक कर्मचारी संगणकावरील नोंदींची प्रत काढणारी स्क्रिप्ट चालवितो. प्रत पूर्ण झाल्यावर स्क्रिप्ट त्याला विचारते, ‘जुन्या नोंदी पुसू का?’ तो उत्तर देतो आणि काम संपते. काही महिन्यांनी एक जुनी नोंद हवी असते. ती सापडत नाही. लॉग उघडला जातो. त्यात तीन ओळी असतात : ‘प्रत घेण्यास आरंभ’, ‘प्रत पूर्ण’, ‘जुन्या नोंदी पुसल्या’. प्रश्न विचारला गेला होता काय, कोणत्या शब्दांत विचारला गेला, आणि त्यास काय उत्तर आले, यांपैकी एकही गोष्ट त्या लेखातून कळत नाही. कर्मचारी म्हणतो, ‘मी नको म्हटले होते.’ ते खरे की खोटे हे ठरविण्याचे साधन त्या कार्यालयापाशी नाही. येथे कोणाची लबाडी असण्याचे कारण नाही, आणि यंत्राचाही बिघाड नाही. दोष नोंदीच्या घडणीत आहे, आणि त्याचा भार मात्र एका माणसाच्या शब्दावर पडतो.

२

ही घडण समजण्यासाठी युनिक्समधील प्रवाहांची व्यवस्था पाहिली पाहिजे. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी या प्रणालीचा पाया घातला. १९७३ मध्ये डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहातून एका कमांडचे फलित दुसरीला पुरविणारी ‘पाइप’ची सोय तीत आली, आणि १९७९ च्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न यांचा शेल आला. आज सर्वत्र रूढ असलेला बॅश हा शेल १९८९ मधला असला तरी त्याचे मूळ वळण बोर्नच्याच शेलचे आहे. या परंपरेत प्रत्येक कमांडला तीन प्रवाह मिळतात : जेथून ती वाचते तो आदानप्रवाह, जेथे ती आपले फलित लिहिते तो प्रदानप्रवाह, आणि जेथे ती तक्रारी व सूचना मांडते तो त्रुटिप्रवाह.

त्रुटिप्रवाह आरंभी स्वतंत्र नव्हता. त्यामुळे छपाईसाठी पाठविलेल्या मजकुराच्या जागी ‘फाईल उघडता येत नाही’ एवढेच वाक्य महागड्या छायाक्षरजुळणीच्या कागदावर उमटून बाहेर पडे, आणि त्यातूनच दोन प्रवाह विभक्त करण्याची कल्पना निघाली, असे सांगितले जाते. कारण काहीही असो, विभागणी योग्य होती. फलित हे पुढच्या कमांडसाठी असते आणि तक्रार माणसासाठी असते. श्रोते निराळे म्हणून वाटा निराळ्या.

प्रॉम्प्ट कोणत्या वाटेने जावा? तो माणसासाठी असतो. त्याची फलितात भेसळ झाली तर पुढच्या कमांडला प्रश्नाचे शब्दच विदा म्हणून मिळतील. म्हणून पॉझिक्स या मानकाने फाईली पुसणाऱ्या वा हलविणाऱ्या कमांडींचे प्रश्न त्रुटिप्रवाहावर लिहावेत असे ठरविले आहे. बॅशमधील ‘रीड’ ही कमांडही ‘पी’ या पर्यायाने दिलेला प्रश्न त्रुटिप्रवाहावरच मांडते, आणि तोही आदान टर्मिनलवरून येत असेल तरच. या निर्णयात तर्कदोष नाही. पण त्याचा परिणाम लॉगवर काय होतो हे पाहण्यासारखे आहे.

स्क्रिप्टचा केवळ प्रदानप्रवाह फाईलीकडे वळविला, तर प्रश्न पडद्यावर दिसतो, माणूस उत्तर देतो, परंतु फाईलीत प्रश्न उतरत नाही. हेच वर कल्पिलेल्या कार्यालयात घडले. यावर उपाय म्हणून त्रुटिप्रवाहही फाईलीकडे वळविला, तर प्रश्न फाईलीत जातो आणि पडद्यावरून नाहीसा होतो. स्क्रिप्ट उत्तराची वाट पाहत थांबते. माणूस कोऱ्या पडद्याकडे पाहत यंत्र अडकले असे समजतो. अधीर होऊन त्याने एंटर दाबलेच, तर न पाहिलेल्या प्रश्नाला त्याचे उत्तर दिले गेले असे होते. पहिल्या रीतीत नोंदीला प्रश्न कळत नाही; दुसरीत माणसाला कळत नाही.

यांतून मार्ग काढण्यासाठी ‘टी’ या कमांडचा आश्रय घेतला जातो. नळकामात इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा जो सांधा वापरतात त्यावरून तिला हे नाव मिळाले. पोफळीच्या बागेत पाटाचे पाणी एका ठिकाणी दुभागून दोन वाफ्यांकडे सोडावे, तसा ती एकच प्रवाह पडद्याकडे व फाईलीकडे पाठविते. दोन्ही प्रवाह एकत्र करून टीकडे सोडले की प्रश्न दोन्हीकडे पोहोचतो, आणि सामान्यतः येथेच प्रश्न सुटला असे मानले जाते. तथापि दोन अडचणी उरतात.

पहिली क्रमाची. बहुतेक कमांडी आपले फलित टर्मिनलकडे जात असेल तेव्हा ओळीओळीने सोडतात. ते पाइपमध्ये जात असेल तेव्हा मोठा साठा जमेपर्यंत बफरमध्ये राखून ठेवतात. त्रुटिप्रवाह मात्र राखून ठेवला जात नाही. त्यामुळे आधी घडलेल्या गोष्टीची ओळ मागाहून आणि मागाहून विचारलेला प्रश्न आधी, असा व्युत्क्रम लॉगमध्ये होऊ शकतो. शिवाय एखादी कमांड आपला प्रश्न प्रदानप्रवाहावरच लिहीत असेल, तर तो बफरमध्ये अडकून माणसापर्यंत वेळेवर पोहोचतच नाही. घटनांच्या वृत्तान्तात असा व्युत्क्रम किरकोळ मानता येईल. संभाषणाच्या वृत्तान्तात तो अर्थच पालटतो, कारण उत्तराचा अर्थ त्याच्या लगत आधी काय होते यावर अवलंबून असतो.

दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे, आणि ती उत्तरासंबंधी आहे.

३

माणूस उत्तर टंकतो तेव्हा अक्षरे पडद्यावर उमटतात. ती स्क्रिप्टने लिहिलेली असतात असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. टंकलेले अक्षर पडद्यावर परत दाखविण्याचे काम प्रणालीच्या गाभ्यातील टर्मिनल-व्यवस्था करते. तो एक प्रतिध्वनी असतो. स्क्रिप्टच्या प्रदानप्रवाहातून वा त्रुटिप्रवाहातून ते अक्षर कधीच वाहत नाही. म्हणून हे दोन्ही प्रवाह कितीही काळजीपूर्वक टीकडे वळविले तरी लॉगमध्ये प्रश्न येतो, उत्तर येत नाही. पडद्यासमोर बसलेल्या माणसाला दोन्ही दिसत असल्यामुळे नोंदही पूर्ण झाली असा भ्रम होतो. महिन्यांनंतर लॉग वाचणाऱ्याला मात्र एकाच पक्षाचे बोलणे मिळते.

हा प्रश्न संगणकापुरता नाही. माणसाचे म्हणणे लिहून घेण्याची जेथे जेथे गरज पडली तेथे तेथे तो उद्भवलेला आहे. आपल्या कचेऱ्यांतील जबाबाची भाषा पाहावी. ‘समक्ष विचारल्यावरून लिहून देतो की’ अशा धाटणीचा आरंभ करून पुढे सर्व मजकूर सलग कथनाच्या रूपाने येतो. ‘विचारल्यावरून’ या एका शब्दात साऱ्या प्रश्नांचा लोप झालेला असतो. काय विचारले, किती वेळा विचारले, सुचवून विचारले की मोकळे विचारले, हे त्या लेखातून परत काढता येत नाही. वाचण्याला तो सोयीचा असतो, परंतु परीक्षणाला अपुरा असतो.

कायद्याने हा भेद जाणलेला आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २७६ व्या कलमाने सत्र न्यायालयातील साक्ष सामान्यतः कथनरूपात लिहावी असे सांगून, योग्य वाटेल तो भाग प्रश्नोत्तररूपात लिहिण्याची मुभा न्यायाधीशास दिली होती. २८१ व्या कलमात मात्र हा विकल्प नव्हता. सत्र न्यायालयात आरोपीस प्रश्न विचारले जातात तेव्हा विचारलेला प्रत्येक प्रश्न व दिलेले प्रत्येक उत्तर पूर्णपणे लिहिले जावे, शक्यतो ज्या भाषेत विचारपूस झाली त्याच भाषेत लिहिले जावे, आणि ते त्याला वाचून दाखविले जावे, असा त्याचा आशय होता. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा घेतलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही व्यवस्था पुढे चालू आहे. यातील तत्त्व असे की, जेथे उत्तराचा परिणाम उत्तर देणाऱ्यावरच उलटणार आहे तेथे कथनरूप पुरेसे मानू नये.

भाषाभ्यासाच्या क्षेत्रातही याला जोड आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील नमुन्यांच्या विश्वसनीयतेबद्दल पुढे मतभेद झाले. परंतु त्याच्या रचनेतील एक गुण वादातीत आहे. सर्वेक्षणासाठी २४१ शब्दांची व वाक्यांची एकच ठरलेली यादी सर्वत्र वापरली गेली, आणि ती छापताना प्रत्येक उत्तरासमोर मूळ इंग्रजी शब्द वा वाक्यही छापले गेले. त्यामुळे शंभरांहून अधिक वर्षांनी वाचणाऱ्यालाही अमुक रूप कोणत्या प्रश्नाच्या उत्तरादाखल आले हे दिसते, आणि माहिती देणाऱ्याची चूक व विचारणाऱ्याची चूक वेगळी काढता येते. उत्तम नोंदीची हीच कसोटी होय.

ही कसोटी लावून प्रचलित साधनांची तुलना केली असता काय दिसते? साधे प्रवाहवळण व टी या दोहोंची मर्यादा वर आलीच. ‘स्क्रिप्ट’ याच नावाची एक कमांड बर्कली येथे विकसित झालेल्या युनिक्समधून आलेली आहे. ती एक आभासी टर्मिनल निर्माण करून त्यावर जे जे दिसेल ते सर्व फाईलीत उतरविते. प्रतिध्वनीही त्याच वाटेने जात असल्यामुळे प्रश्न व उत्तर दोन्ही हाती येतात. लिनक्सवरील आवृत्तीत कालनोंद ठेवून सारा प्रसंग पुन्हा दाखविण्याचीही सोय आहे. पूर्णतेच्या दृष्टीने हे साधन सर्वांत श्रेष्ठ ठरते. परंतु ती पूर्णता छायाचित्राची आहे. खोडलेले अक्षर, मागे घेतलेला कर्सर, रंगबदलाच्या खुणा, सारे काही त्या फाईलीत सरमिसळ साठते. माणसाने ‘नको’ टंकून खोडले व मग ‘हो’ टंकले, तर दोन्ही खुणा राहतात. त्यांतून उत्तर कोणते हे वाचकाने शोधावे लागते. संशोधकाला हा तपशील मोलाचा, कार्यालयाला तो ओझ्याचा.

या साधनाच्या अलीकडच्या आवृत्त्यांत केवळ टंकलेले आदान वेगळे नोंदविण्याचीही सोय आहे. मात्र तीत पडद्यावर न उमटणारा पासवर्डदेखील नोंदला जातो, असा इशारा तिच्या माहितीपत्रकातच दिलेला आहे. येथे पूर्णता हाच दोष ठरतो. एसएसएचसारख्या कमांडी पासवर्ड विचारताना तिन्ही प्रवाह टाळून थेट टर्मिनलशी बोलतात, त्यामागे हीच दक्षता आहे. नोंदीत काय यावे याइतकाच, काय येऊ नये हाही विवेकाचा भाग होय.

उरतो तो मार्ग स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या हातचा. उत्तर वाचून घेतल्यावर स्क्रिप्टने स्वतःच लॉगमध्ये एक ओळ लिहावी, व तीत वेळ, प्रश्न, टंकलेले उत्तर जसेच्या तसे आणि त्या उत्तराचा स्क्रिप्टने लावलेला अर्थ, अशी चार अंगे असावीत. शेवटची दोन अंगे निरनिराळी का ठेवावीत, हे उत्तराच्या भाषेकडे वळल्यावाचून ध्यानात येणार नाही.

४

युनिक्सच्या परंपरेत होकार व नकार एकेका अक्षराने व्यक्त होतात. इंग्रजी ‘येस’ व ‘नो’ यांची ती आद्याक्षरे. पॉझिक्सने प्रत्येक भाषेच्या लोकेलमध्ये, म्हणजे भाषिक संकेतांच्या संचात, होकाराचा एक आकृतिबंध व नकाराचा एक आकृतिबंध देण्याची तरतूद केली आहे. लिनक्सच्या ग्लिबसी या ग्रंथालयात मराठी व कोंकणी या दोन्ही भाषांचे लोकेल आहेत. हा आकृतिबंध सामान्यतः उत्तराच्या पहिल्या वर्णाशी ताडून पाहिला जातो. इंग्रजीपुरती ही पद्धत निभावते, कारण तेथे दोन शब्द सर्व प्रश्नांना पुरतात. मराठीत ती निभावत नाही.

मराठीत प्रश्नाला उत्तर देण्याची स्वाभाविक रीत प्रश्नातील क्रियापद परत उच्चारण्याची आहे. ‘फाईल आहे का?’ याचे उत्तर ‘आहे’, ‘पुसू का?’ याचे ‘पूस’ किंवा ‘पुसा’. ‘तुम्हाला खात्री आहे का?’ हा मराठीकरणात वारंवार येणारा प्रश्न घ्यावा. त्याचे सरळ मराठी उत्तर ‘आहे’ असे येते, आणि ‘ह’ या वर्णाची वाट पाहणारे यंत्र ते नाकारते. नकाराचेही तसेच. मराठीत ‘नाही’, ‘नको’, ‘नव्हे’ व ‘नये’ यांची क्षेत्रे वेगळी आहेत. ‘नाही’ने वस्तुस्थितीचा निषेध होतो, ‘नको’ने इच्छेचा वा अनुज्ञेचा. ‘पुसू का?’ या प्रश्नास ‘नाही’ हे उत्तर कृत्रिम आहे. तेथे ‘नको’च हवे. या सर्व नकारांचा आद्यवर्ण ‘न’ आहे ही सोयीची गोष्ट खरी. परंतु ‘नक्की’ आणि ‘निश्चित’ हे ठाम होकारही त्याच वर्णाने सुरू होतात, आणि ‘हे नको’ हा स्पष्ट नकार ‘ह’ने.

दोडामार्गचे उदाहरण येथे केवळ नावापुरते घेतलेले नाही. १९९९ साली सावंतवाडीतून वेगळा झालेला हा तालुका गोव्याच्या सीमेला लागून आहे. १९६१ पर्यंत या सीमेपलीकडे पोर्तुगिजांचे राज्य होते. १९८७ पासून तेथे देवनागरी कोंकणी ही राजभाषा असून शासकीय कामासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद आहे. रोजगार, बाजार व सोयरीक यांच्या निमित्ताने सीमेची ये-जा अखंड चालते. परिणामी शाळेत शिकलेला ‘होय’, मालवणी वळणाचा ‘व्हय’ आणि गोव्याकडील कोंकणीतला ‘हय’ हे तिन्ही होकार एकाच बाजारपेठेत कानी पडतात. ‘नाही’, ‘नाय’ व ‘ना’ आणि ‘नको’ व ‘नाका’ यांचेही तसेच. ‘ह’ हा आद्यवर्ण पाहणाऱ्या यंत्राला ‘होय’ व ‘हय’ कळतील. ‘व्हय’ मात्र ‘व’ने सुरू होत असल्यामुळे कळणार नाही. म्हणजे घरच्या बोलीत उत्तर देणाऱ्याचा होकार यंत्राच्या लेखी होकारच नव्हे.

यावर असे म्हटले जाईल की, जाणते प्रोग्रॅम स्पष्ट होकार नसलेले प्रत्येक उत्तर नकार धरतात, म्हणजे चूक झालीच तर ती सुरक्षित बाजूला होते. फाईल पुसणाऱ्या ‘आरएम’ या कमांडच्या बाबतीत हे खरे आहे : न समजलेल्या उत्तराने ती काहीच पुसत नाही. परंतु ‘पुसू का?’ ऐवजी ‘राखून ठेवू का?’ असा प्रश्न एखाद्या स्क्रिप्टने विचारला की सुरक्षित बाजू पालटते. तेथे न कळलेला ‘व्हय’ नोंदी नष्ट करतो. लॉगमध्ये केवळ ‘उत्तर : नकार’ एवढे लिहिलेले असेल, तर त्या माणसाने प्रत्यक्ष ‘व्हय’ म्हटले होते हे सिद्ध करण्याची वाटच बंद होते. टंकलेले उत्तर व लावलेला अर्थ ही दोन अंगे वेगळी हवीत ती याचसाठी.

लिपीमुळे येणाऱ्या अडचणी वेगळ्या. इंग्रजी प्रॉम्प्टमध्ये दोन पर्यायांपैकी एकाचे अक्षर मोठ्या लिपीत दाखवून, केवळ एंटर दाबल्यास तोच पर्याय गृहीत धरला जाईल, असे सुचविण्याचा संकेत आहे. देवनागरीत मोठी व लहान अक्षरे असा भेदच नाही. त्यामुळे हा संकेत अनुवादात हरवतो आणि मुकाट्याने दाबलेल्या एंटरचा अर्थ वापरणाऱ्यापासून लपलेला राहतो. तो शब्दांनी सांगितला पाहिजे. दुसरी अडचण वर्णाच्या व्याख्येची. ‘हो’ हे मराठी माणसाला एक अक्षर वाटते; संगणकाच्या युनिकोड संकेतात तो ‘ह’ आणि ओकाराची मात्रा असा दोन चिन्हांचा समूह आहे. ‘रीड’ कमांडला एकच वर्ण घेण्यास सांगितले तर ती ‘ह’ घेऊन पुढे जाते आणि मात्रा आदानात शिल्लक राहते. लागलीच दुसरा प्रश्न तशाच रीतीने विचारला गेला, तर ती शिल्लक मात्राच त्याचे उत्तर ठरते. न विचारलेल्या प्रश्नाला आधीच दिलेले हे उत्तर लॉगमध्ये नोंदलेले नसेल, तर पुढचे सर्व वर्तन अनाकलनीय होते.

मराठी प्रॉम्प्टच्या वाक्यरचनेबद्दलही दोन शब्द आवश्यक आहेत. ‘आपण ही फाईल हटवू इच्छिता?’ या जातीची वाक्ये इंग्रजी रचना हिंदीच्या वाटेने मराठीत आणतात. ‘ही फाईल पुसायची का?’ हा मराठी प्रश्न त्याहून आटोपशीर आहे आणि त्याचे उत्तरही ठरल्यासारखे येते. नकारार्थी प्रश्न तर कटाक्षाने टाळावेत. ‘जुनी प्रत ठेवायची नाही ना?’ या प्रश्नाला मराठी माणूस ‘हो’ म्हणतो तेव्हा तो नकाराला दुजोरा देत असतो. यंत्र मात्र त्याचा अर्थ ‘ठेवायची’ असा घेऊ शकते.

५

आतापर्यंत उत्तर देणारा माणूस समोर आहे असे गृहीत धरले. तो नसेल तेव्हा काय होते? युनिक्समध्ये ‘येस’ नावाची कमांड असून ती न थांबता होकाराचे अक्षर लिहीत राहते. तिचे फलित पाइपने स्क्रिप्टला जोडले की प्रत्येक प्रश्नाला होकार मिळतो. १९९० मध्ये डॉन लिब्स यांनी पुढे आणलेले ‘एक्स्पेक्ट’ हे साधन अधिक विवेकी आहे : ते प्रश्नाचे शब्द ओळखते आणि त्यानुसार उत्तर देते. दोहोंतील अंतर तांत्रिक दिसले तरी ते तत्त्वाचे आहे. ‘येस’ प्रश्न न ऐकता संमती देते. ‘एक्स्पेक्ट’ प्रश्न ओळखल्याखेरीज बोलत नाही. अर्थात प्रश्नाचे शब्द अनुवादामुळे बदलले की ‘एक्स्पेक्ट’लाही तो ओळखू येत नाही, म्हणून मराठीकरण करणाऱ्याने या परिणामाचेही भान ठेवले पाहिजे.

ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमागे तर टर्मिनलच नसते. ‘रीड’ला तेथे आदानाचा शेवट आढळतो, उत्तर रिकामे राहते, आणि रिकाम्या उत्तराला होकार समजण्याची योजना असेल तर कोणीही न दिलेली संमती अमलात येते. आदान टर्मिनलवरून येत आहे की नाही हे तपासण्याची सोय शेलमध्ये आहे, ती वापरून अशा वेळी स्क्रिप्टने प्रश्न विचारूच नये, आणि ‘उत्तर देणारा उपस्थित नव्हता, ठरलेला पर्याय घेतला’ असे लॉगमध्ये स्पष्ट लिहावे. मौनाची नोंद संमती म्हणून करणे हा कोणत्याही दफ्तरातील गंभीर दोष मानला जाईल. संगणकाच्या दफ्तराला त्यातून सूट मिळण्याचे कारण नाही.

६

या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात मांडता येईल. प्रवाहांची विभागणी ही युनिक्सची मोठी देणगी आहे, व प्रॉम्प्ट फलितापासून वेगळा राखण्याचा तिचा नियम योग्यच आहे. परंतु त्या नियमाचा हेतू विदा शुद्ध राखणे हा आहे. संभाषण जतन करणे हा नव्हे. जे काम प्रवाहांच्या व्यवस्थेने हाती घेतलेलेच नाही ते तिच्याकडून आपोआप होईल अशी अपेक्षा बाळगणे व्यर्थ होय. ते काम स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने जाणीवपूर्वक केले पाहिजे. प्रश्न टर्मिनलवर दिसावा. वेळ, प्रश्न, मूळ उत्तर व लावलेला अर्थ यांची नोंद लॉगमध्ये व्हावी. उत्तर कळले नाही तर अर्थ न लावता प्रश्न पुन्हा विचारावा. अपरिवर्तनीय कृतीपूर्वी घेतलेला अर्थ वाचून दाखवावा. आणि पासवर्ड नोंदीतून कटाक्षाने वगळावा. यांपैकी कोणत्याही गोष्टीस नवे साधन लागत नाही; स्क्रिप्टमध्ये चारदोन ओळींची भर पुरते.

मराठीपुरते याहून एक पाऊल पुढे टाकणे अवश्य आहे. स्वीकारार्ह होकारांची व नकारांची यादी ठरविताना प्रमाणभाषेतील दोन शब्दांवर न थांबता, जेथे ती स्क्रिप्ट चालणार आहे तेथील बोलींतील रूपे तीत घातली पाहिजेत, आणि पहिला वर्ण न पाहता पूर्ण शब्द ताडून पाहिला पाहिजे. असे झाले तर दोडामार्गच्या त्या कर्मचाऱ्याने टंकलेला ‘व्हय’ यंत्राला होकार म्हणून कळेल. तरीही वाद उत्पन्न झाला, तर त्याला काय विचारले होते व तो काय म्हणाला होता हे त्याच्याच शब्दांत वाचता येईल.